बाई, एक विचारू का? : वर्गातलं बोलणं आणि फोनवरचं बोलणं

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की शाळेचं निम्मं काम आता फोनवर चालतं पण वर्गात मात्र कोणी कोणाशी बोलत नाही. झालं! मेल काय, व्हॉट्सअ‍ॅप काय, एका काकांनी तर चक्क आंतरदेशीय पत्र पाठवलंय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलीत. पहिलं उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : बाई नमस्कार. मी विक्रोळीच्या एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ५८ मुलं. प्रश्न विचारला की तेच सहा-सात हात वर येतात, बाकीचे असे बघतात जणू मी शेजारच्या वर्गाशी बोलतेय. "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "होऽऽ बाई", आणि घटक चाचणीत बोंब. शाळेत नवा स्मार्ट बोर्ड लागलाय, संस्थेचे लोक म्हणतात काहीतरी डिजिटल करा. मुलांकडे फोन नाहीत, असले तरी शाळेत आणायला बंदी. कुठलं अ‍ॅप घेऊ?
— एक शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : अहो, "समजलं का?" हा इतका निरुपयोगी प्रश्न आहे आणि मी तो २९ वर्षं रोज विचारलाय, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. त्याला "नाही" म्हणायला ५७ जणांसमोर उभं राहायची हिंमत लागते, ती आठवीतल्या पोराकडे कुठून येणार, ती आपल्याकडे तरी स्टाफ मीटिंगमध्ये असते का.

आता अ‍ॅप. मुलांकडे फोन नाहीत म्हणताय तर प्लिकर्स बघा. यात फोन फक्त तुमचा लागतो. प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड द्यायचं, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी असते, क्यूआर कोडच्या चुलतभावासारखी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्याला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते तुमच्या स्क्रीनवर येतं, नावासकट. शेजारच्याला कळत नाही कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. कार्डांचा साधा संच ४० चा आहे, मोठा ६३ चा, म्हणजे तुमची ५८ मुलं बसतात. हजेरीपटाचा नंबर तोच कार्डाचा नंबर ठेवा, नाहीतर रोज वाटताना अर्धी तासिका जाईल. लॅमिनेशन करणार असाल तर चकचकीत नको, मॅट करा, ट्यूबलाइटचा उजेड पडला की चकचकीत कार्ड कॅमेऱ्याला दिसतच नाही. आणि मुलांना सांगा की बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत, कडेला धरायचं. पहिल्या दिवशी हे दहा वेळा सांगावं लागेल, अकराव्या वेळी कोणीतरी कार्डाने पंख्यासारखा वारा घेत असेल, ते असू दे.

पण खरं सांगू, कार्ड म्हणजे नुसती सोय, जीव प्रश्नात असतो. माझी एक मैत्रीण भांडुपला नववीला शिकवते, तिच्या वर्गात मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. तिने फळ्यावर प्रश्न लिहिला : लोकल एकाच वेगाने सरळ चाललीय, तुम्ही डब्यात उभे आहात, नाणं सरळ वर उडवलं तर कुठे पडेल? ए म्हणजे मागे, बी पुढे, सी हातात, डी सांगता येत नाही. एक मिनिट गप्प विचार, मग कार्डं वर. निम्म्याहून जास्त वर्ग "मागे" म्हणाला. तिने बरोबर काय ते सांगितलंच नाही. म्हणाली, शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा, तीन मिनिटं. बाई, काय गोंधळ! एक मुलगा बाकावर खोडरबर उडवून दाखवतोय, दुसरा म्हणतो अरे बाक कुठे चाललाय, तिसरा म्हणतो मी रोज ट्रेनमध्ये चिप्स उडवून खातो, कधी मागच्या माणसाच्या डोक्यावर पडलेत का. पुन्हा कार्डं वर केली तर बहुतेकांचं उत्तर "हातात". आणि मग कळव्याहून येणारी एक मुलगी, जी म्हणे जूनपासून एकदाही बोलली नव्हती, उभी राहिली. "बाई पण गाडी नुकतीच सुटली असेल तर? तेव्हा आपणच मागे जातो ना, मग नाणं पण मागे पडेल." बरोबर आहे तिचं! गाडी वेग घेत असताना नाणं हवेत आहे तेवढ्यात हात पुढे निघून जातो. प्रश्नात "एकाच वेगाने" का लिहिलंय ते मग सगळ्या वर्गाला कळलं, आणि ते बाईंनी नाही, तिने सांगितलं.

ही पद्धत काही माझ्या मैत्रिणीने शोधलेली नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती चालवली, आधी एकट्याने विचार, मग मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली तर वाद घडवायचा, त्याहून कमी असतील तर धडाच पुन्हा घ्यायचा, जास्त असतील तर पुढे जायचं. आणि एक फार महत्त्वाचं, पहिल्या मतानंतर स्मार्ट बोर्डवर कुठल्या उत्तराला किती मतं पडली तो उभ्या पट्ट्यांचा आलेख दाखवू नका. दाखवला की सगळे उंच पट्टीच्या मागे पळतात, बरोबर असो की चूक.

संस्थेच्या लोकांना कहूट नावाचा प्रश्नमंजुषेचा खेळ फार आवडेल, त्यात गाणं वाजतं, रंग असतात, शेवटी विजेत्यांचा मंच. वाईट नाही, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला छान. पण नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला गुण जास्त, म्हणजे तुमचे तेच सहा-सात हात पुन्हा वर. शिवाय मुलांच्या हातात काहीतरी यंत्र लागतंच.

आणि बोर्ड बंद पडला, नेट गेलं (विक्रोळीत पावसात जाणारच), तर चार रंगांचे घोटीव कागद कापून प्रत्येकाला द्या, लाल म्हणजे ए, निळा म्हणजे बी. कॅनडातल्या एका कॉलेजात यंत्रावर मत देणारे वर्ग आणि साध्या कार्डावर मत देणारे वर्ग यांची तुलना झाली होती, शिकण्यात फरक पडला नाही. फरक एवढाच की यंत्रात नोंद राहते, कोण सारखा अडकतोय ते तुम्हाला घरी बसून बघता येतं, आणि मोठ्या वर्गात ते सोन्यासारखं आहे.

एक गोष्ट फुकटची. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास शिक्षकांचे तास टेपवर घेऊन मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प मुलं बोलायला लागली. तीन सेकंद फार वाटतात हो, करून बघा, घशाला कोरड पडते.

प्रश्न : बाई, मी लालबागला राहते, मुलगा पाचवीत. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात गुड मॉर्निंग, बाप्पाचे फोटो, एका ताईंच्या मोदकांच्या ऑर्डरी, आणि त्याच्यातच कुठेतरी गृहपाठ. आमच्याकडे फोन एकच, तो मिस्टरांकडे, त्यांची दुसरी पाळी, घरी येतात साडेदहाला. तोवर मुलगा झोपलेला. दुसऱ्या दिवशी "ग्रुपवर टाकलं होतं ना" म्हणून ओरडा खातो. आणि मागच्या आठवड्यात टीचरनी त्याच्या अर्धवट वहीचा फोटो ग्रुपवर टाकला, नावासकट. दोन दिवस तो शाळेत जायला तयार नव्हता. मी काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, आधी वहीचं. हे चूक आहे, त्यात दुसरी बाजू नाही. पण ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे तमाशा होतो आणि भोगतं लेकरूच. शाळा सुटताना टीचरना एकट्यात गाठा आणि म्हणा, "टीचर, त्याची वही अपुरी होती ते खरं आहे, मी लक्ष घालते. पण पुढच्या वेळी मला वहीत लिहून कळवा, ग्रुपवर नको, तो फार घाबरलाय." बहुतेक टीचर इथे नरमतात, त्यांनी घाईत टाकलेलं असतं, एका हातात खडू एका हातात फोन. नाही ऐकलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

आता गृहपाठाचं. ही सवय कोविडमधली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीची मुलं वर्गात परत आली ती १५ डिसेंबर २०२१ ला. तेवढा काळ फोन हीच शाळा होती, दुसरा इलाजच नव्हता. पण आता मुलगा रोज सहा तास टीचरच्या समोर बसतो, मग गृहपाठ त्याच्या हातात न देता बाबांच्या खिशात का पाठवायचा? फळ्यावर लिहा, मुलांनी डायरीत उतरवून घ्या, झालं. फोनवर त्याची नक्कल जाऊ दे, जे गैरहजर होते त्यांच्यासाठी. पालक सभेत हेच मागा, आणि एकट्या नका मागू, चार आया मिळून मागा. फोन रात्री घरी येतो असं तुमचं एकटीचंच घर नाही, बाकीच्या बोलत नाहीत इतकंच.

ग्रुपचं काम सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज पाठवायचा असं करता येतं, दोन मिनिटांचं काम. गप्पा आणि मोदक यांच्यासाठी पालकांचा वेगळा ग्रुप काढा, मोदकांना माझा विरोध नाही. त्याहून चांगलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी, तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. मग टीचरनी रोज एकाच ठरलेल्या वेळी एकच मेसेज टाकायचा. एक! सकाळी अकराला अर्धा, दुपारी तीनला "सॉरी, पान २४ नाही ४२", असं नाही.

टीचरना लिहून काही कळवायचं असेल आणि टाइप करायला जड जात असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. "लालबाग" च्या जागी कधी भलतंच लिहितो, पाठवायच्या आधी एकदा वाचा.

प्रश्न : मॅम, मी कुर्ल्याला राहते, अकरावी सायन्स. दहावीपर्यंत मराठी मिडियम, आता सगळं इंग्लिशमध्ये. सर गूगल क्लासरूमवर असाइनमेंट देतात, आम्ही फोटो काढून टाकतो, मार्क येतात, बस. सर म्हणतात डाउट असेल तर स्ट्रीमवर विचारा. एकदा विचारला तर माझ्या इंग्लिशवर कोणीतरी हसायचा इमोजी टाकला. तेव्हापासून विचारत नाही. क्लास लावायला पैसे नाहीत.
— अकरावीतली एक मुलगी

उत्तर : अगं, तो इमोजी टाकणाऱ्यालाही तो चॅप्टर समजलेला नसणार, मी पैज लावते.

स्ट्रीम सोड. ती सार्वजनिक भिंत आहे, तिच्यावर सूचना चिकटवायच्या. प्रत्येक असाइनमेंट उघडलीस की तुझं काम जिथे जोडतेस तिथेच प्रायव्हेट कमेंटची जागा असते, ती फक्त तुला आणि सरांना दिसते. कमेंट कोणाची, कुठल्या असाइनमेंटवर, ते सरांना लगेच कळतं. तिथे विचार. आणि मराठीतच विचार, फक्त विषयातले शब्द इंग्लिश ठेव. सर मुंबईत शिकवतात, मराठी समजतं त्यांना, आणि नसेल समजत तर ते सांगतील.

पण कसं विचारायचं ते शीक, कारण यातच निम्मं उत्तर असतं. "सर व्हेक्टर समजलं नाही" असं लिहिलंस तर सर काय करणार, त्यांच्याकडे शंभर-दीडशे मुलं, ते म्हणणार नोट्स वाच. त्याऐवजी असं लिही : "सर, दोन व्हेक्टर प्रत्येकी ५ चे, मधला कोन १२० अंश, रिझल्टंट काढायचाय. मी २५ अधिक २५ अधिक ५० गुणिले कॉस १२० केलं, कॉस १२० म्हणजे अर्धा घेतला, वर्गमूळ काढलं, मला ८.६६ येतंय. पुस्तकात ५ आहे. कुठे चुकलं?" यात काय आहे बघ, गणित काय, मी कुठवर आले, कुठे थांबले. सरांना दहा सेकंदात दिसेल की कॉस १२० उणे अर्धा असतो, चिन्ह राहिलं. आणि गंमत म्हणजे एवढं नीट लिहिताना दहातल्या चार वेळा तुझं तुलाच दिसेल आणि कमेंट पाठवायची गरजच उरणार नाही.

भाषेचं म्हणशील तर तुला विषय येतो, त्याची नावं बदललीयत. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, सदिश म्हणजे व्हेक्टर, हे तू नववी-दहावीत शिकलीयस. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये मिळतात, दहावी विज्ञानाचं मराठी आणि इंग्लिश दोन्ही उतरवून घे आणि तोच धडा शेजारी शेजारी ठेवून वाच. तुमच्यासारख्या मराठी मिडियमच्या तीन-चार मुली वर्गात असणारच, एक गूगल शीट काढा, डावीकडे मराठी शब्द उजवीकडे इंग्लिश, जिला जो सापडेल तिने टाकायचा. दिवाळीपर्यंत ती शीट बघायला इंग्लिश मिडियमवाले येतील, तेव्हा इमोजीचा हिशोब पूर्ण कर.

आणि हे वाचणाऱ्या सरांना : एक साधा गूगल फॉर्म बनवा, "आजच्या तासात कुठे अडलं?" एवढा एकच प्रश्न, ईमेल गोळा करायचा पर्याय बंद ठेवून, म्हणजे नाव येत नाही. लिंक आठवड्यातून एकदा टाका. मग दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच मिनिटं त्यातल्या दोन शंका मोठ्याने वाचून सोडवा. ही पाच मिनिटं टाळलीत तर तिसऱ्या आठवड्यात फॉर्म रिकामा येईल. मुलं फार हुशार असतात, आपलं कोणी वाचत नाही हे त्यांना शिक्षकाच्या आधी कळतं.

प्रश्न : आमच्या शाळेत एका कंपनीचे लोक आलेत. हजेरी, फी, चॅट, व्हिडिओ, निकाल सगळं एकाच अ‍ॅपमध्ये, दर मुलामागे वर्षाला पैसे. विश्वस्त खूश आहेत. मला धाकधूक वाटतेय, पण नकाराला कारण सुचत नाही.
— मुख्याध्यापिका, गिरगाव

उत्तर : मॅडम, नकार नका देऊ, एका तुकडीवर एक महिना फुकट चालवून दाखवा म्हणा. निम्म्या कंपन्या इथेच सौम्य होतात.

आणि दोन प्रश्न लेखी विचारा. मुलांचा डेटा कुठे राहतो, करार संपल्यावर पुसणार का? आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरलाय, पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्यातला मुद्दा आहे, ती तुम्ही कशी घेणार? "सर्व्हर एकदम सेफ आहे मॅडम" हे याचं उत्तर नाही. महिन्याच्या शेवटी शिक्षकांना विचारू नका, शिपाईमामांना विचारा की ऑफिसच्या खिडकीवर पालकांची रांग कमी झाली का. त्यांना बरोबर माहीत असतं.

प्रश्न : मी मुलुंडला सहावीचा वर्गशिक्षक. रात्री पावणेबाराला मेसेज येतो, "सर उद्या युनिफॉर्म की पीटी ड्रेस?" उत्तर नाही दिलं तर पाच मिनिटांत प्रश्नचिन्ह. बायको वैतागलीय. पालकांशी संवाद ठेवा असं प्रत्येक मीटिंगला सांगतात, पण किती?
— एक वैतागलेले सर

उत्तर : सर, चूक तुमचीच आहे, तुम्ही पहिल्या वेळी पावणेबाराला उत्तर दिलंत. पालकांना वाटलं दुकान उघडं आहे.

उद्या एकच मेसेज टाका : मी संध्याकाळी सहा ते सात मेसेज बघतो, तातडीचं असेल तर शाळेच्या ऑफिसला फोन. मग जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, पीटी ड्रेस कुठल्या वारी, फीची खिडकी कधी उघडते, मधली सुट्टी किती वाजता. मेसेज पिन करता येतो ३० दिवसांपर्यंत, तो करा. तरी विचारतील. विचारू दे, सहाला उत्तर द्या, "वर पिन केलंय" एवढंच, रागावू नका. आठ-दहा दिवसांत पालकच एकमेकांना सांगायला लागतात. पावसाळ्याचा अपवाद ठेवा, जुलैत लोकल बंद पडल्या आणि सुट्टीची अफवा सुटली की त्या रात्री फोन चालू ठेवावाच लागतो, त्याला इलाज नाही.

मी शेवटची तीन वर्षं आठ वाजता फोन कपाटात ठेवायचे, साड्यांच्या खाली. मिस्टर म्हणायचे, अगं वाजतोय. मी म्हणायचे, वाजू दे, पैठणीला ऐकू दे.